न्हाणीघरातला उजेड

अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून बडोद्यात चाळीस वर्षे व्यवसाय करताना, खुब्याचे हाड मोडून आलेल्या किती वृद्धांना मी "कुठे पडलात?" असे विचारले असेल, त्याची गणती नाही. "बाथरूममध्ये" हे उत्तर इतके परिचयाचे झाले होते, की "तेथे उजेड कसा होता?" हा पुढचा प्रश्न कधी सुचलाच नाही. तो सुचण्यासाठी माझ्या आईला पडावे लागले.

दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराचे नूतनीकरण केले, तेव्हा न्हाणीघराला पीओपीचे छत करून त्यात तीन एलईडी दिवे बसवले. दुकानात सर्वांत झगझगीत दिसले, तेच मी घेतले : ६५०० केल्व्हिनचे, निळसर पांढरे. तिन्ही दिव्यांना बटण एकच. रात्री उठल्यावर आईचे डोळे त्या प्रकाशाने दिपत. म्हणून ती दिवा न लावताच आत जाऊ लागली, आणि एका पहाटे ओल्या फरशीवर घसरली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. परंतु ती पुन्हा एकटी जिना उतरली नाही. दोष मिस्त्रीचा नव्हता. दिव्यांची निवड माझी होती.

खरे तर हे शास्त्र आपण सर्वांनी शिकलेले आहे. वयोमानानुसार बाहुली लहान होते, नेत्रभिंग पिवळसर पडते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. त्यात मोतीबिंदू असला, तर आलेला प्रकाशही विखुरतो. वृद्धांना उजेड अधिक हवा, पण बोचरा नको. छतातले दिवे निवडताना नेमके हेच आपण विसरतो.

त्यानंतर मी सारे दिवे बदलले. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो. दिव्याचा प्रकाशस्रोत कड्याच्या आत खोलवर असावा, म्हणजे वर पाहिले तरी तो डोळ्यांत खुपत नाही. रंग ३००० ते ४००० केल्व्हिनचा घ्यावा. रंगदर्शकता निर्देशांक ९० च्या वर असल्यास उत्तम. अशा उजेडात त्वचेचा रंग खरा दिसतो, आणि कावीळ दिवसाच्या उजेडात पाहावी असे शिकलेल्यांना त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आरशाजवळचा दिवा उभ्या माणसाच्या डोक्यामागे नव्हे, तर तो आणि आरसा यांच्यामध्ये यावा. अन्यथा दाढी करताना चेहऱ्यावर स्वतःचीच सावली पडते.

बसवतानाही घाई नको. शॉवरच्या वर आयपी ६५, तर इतरत्र किमान आयपी ४४ दर्जाचा दिवा घ्यावा. दुसरा अंक पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. खोक्यावरील छिद्राचे माप आणि छतावरची मोकळी जागा पाहिल्याशिवाय पीओपी कापू देऊ नये. वरच्या मजल्याची गळती असल्यास ती आधी थांबवावी, कारण बंद छतात झिरपलेले पाणी थेट तारांच्या जोडांवर येते. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांत काटकसर नको. हे काम जाणकार वायरमनकडूनच, मुख्य पुरवठा बंद करून करवून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रात्रीसाठी एक-दोन वॅटचा मंद दिवा, स्वतंत्र बटणाचा. बटण दाराबाहेर असावे आणि उजेड उंबरठ्यावर व फरशीवर पडावा. आमच्या घरी आता तो रात्रभर जळतो. हा दिवा सर्वांत स्वस्त होता, आणि तोच मी आधी बसवला नव्हता.

"हे काम इंटिरिअर डेकोरेटरचे, डॉक्टरांचे नव्हे," असे काही व्यवसायबंधू म्हणतील. परंतु कॅल्शियमच्या गोळ्या आपण लिहून देतो, आधाराची दांडी लावायला सांगतो, रात्री लघवीसाठी किती वेळा उठता हेही विचारतो. मग तो रुग्ण कोणत्या उजेडात उठतो, हे विचारणे आपल्या कक्षेबाहेरचे कसे? शिवाय छतातल्या झगझगाटाला घरातल्या वृद्धांची संमती कोणी घेत नाही. मीही घेतली नव्हती.

आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक तपासणी शिबिरात रक्तदाब आणि साखर यांच्या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना असावा, अशी माझी नम्र सूचना आहे : "रात्री न्हाणीघरात दिवा लावता का? नसल्यास, का नाही?" आईला हा प्रश्न मी वेळेवर विचारला असता, तर तिने उत्तर नक्की दिले असते.