कुळाच्या वतीनें कोण बोलणार?

दापोलीनजीक मुरुड येथें १८३३ सालीं जन्मलेले रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे स्वतः खोत. नामांकित वकील, ‘नेटिव्ह ओपिनियन’ पत्राचे संस्थापक, मुंबईच्या कायदे कौन्सिलाचे सभासद. त्यांची विद्वत्ता वादातीत होय. परंतु १८८० चा खोती कायदा होत असतां ती खोतांच्याच कैवारास लागली. खोताला पिकाचा वाटा देणारें कूळ कौन्सिलांत बसत नव्हतें. पुढें १९३७ सालीं खोती मोडण्याचें बिल आणिलें तें डॉ. आंबेडकरांनीं, त्यांचें मूळ गांव आंबडवेंही याच जिल्ह्यांतील. १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. आमच्या मतें रावसाहेबांची विद्या उणी नव्हती. शेजारी ओळखण्यांत ती उणी पडली. विद्यार्थ्यांनो, शिकून मोठे व्हाल तेव्हां सभेंत ज्याला जागा नाहीं, त्याच्या वतीनें बोला.