‘प्लॉट’ : अर्थविस्ताराचा एक प्रश्न

इंग्रजीतील ‘प्लॉट’ हा शब्द मुळात जमिनीच्या तुकड्याचा वाचक. पुढे त्यास कटकारस्थान व साहित्यकृतीचे संविधानक हेही अर्थ प्राप्त झाले. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये घटनांचा कालानुक्रम व कार्यकारणसंबंध यांत केलेला भेद साहित्याच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. सुरगाणा तालुक्यात रुळलेल्या अर्थाकडे मात्र त्यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

तेथील कोकणा, वारली, महादेव कोळी शेतकऱ्यांच्या तोंडी ‘प्लॉट’ म्हणजे कसत असलेली वनजमीन. ‘एकसाली प्लॉट’ या शब्दप्रयोगात तर वर्षावर्षाच्या परवानगीवर जगलेल्या शेतीचा इतिहासच साठलेला आहे. नाशिक शहरात ‘प्लॉट’ म्हणजे खरेदी-विक्रीचा भूखंड. सुरगाण्यात २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य झालेला ‘प्लॉट’ वारसांस मिळतो, पण विकता येत नाही. एकाच जिल्ह्यात एकच शब्द दोन भिन्न हक्क सुचवितो. मार्च २०१८ मध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईस पायी गेले. वनहक्क ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. शहरी अर्थाने ‘प्लॉट’ ऐकणाऱ्यास ती फुकट भूखंडाची याचना वाटेल. वस्तुतः ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या कसवणुकीची नोंद व्हावी, अशी मागणी होती.

म्हणूनच ‘भूखंड’ हा एकच प्रतिशब्द देऊन परिभाषाकारांनी समाधान मानू नये. परका म्हणून शब्द गाळताना त्यात मुरलेला अनुभवही गळून जातो. कोशात अर्थाबरोबर प्रदेश आणि व्यवहार यांचीही नोंद व्हावी, असे आमचे मत आहे.