बासीमचा जिल्हा गेला आणि आला. पाणी कुठे गेले?



१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, हे आपल्याला माहीत आहे. त्याआधीही इथे जिल्हा होता, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. १८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे त्याचे सहा जिल्हे झाले, त्यांतला एक बासीम. तालुके तीन: बासीम, मंगरूळ आणि पुसद. १९०५ साली सहाचे चार केले. बासीम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळला. ९३ वर्षांनी जिल्हा परत आला, पण तोच नव्हे. पुसद यवतमाळातच राहिले आणि जुन्या बासीमात नसलेले कारंजे नव्यात आले.

कचेरीतल्या रेघा अशा हलतात. जमिनीची रेघ मात्र हलत नाही. हा मुलूख अजिंठ्याच्या रांगेचे पठार आहे. त्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेला मिळते, ते पाणी तापीतून अरबी समुद्रात जाते. पूस, अरुणावती, अडाण यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागरात जाते. आपल्यापाशी थांबते ते किती?

माथ्यावर माती वीतभर, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. पावसाने पंधरा दिवस ताण दिला की कपाशी पाते-फुले गाळते, ज्वारी कशीबशी तग धरते. खोऱ्यातल्या भारी जमिनीत तीच कपाशी ओलीवर उभी असते. बियाणे एक, खत एक, कर्जाचे व्याजही एक. फरक मातीच्या खोलीचा.

काटेपूर्णेचे धरण महानला, अकोला जिल्ह्यात. पूस धरण पुसद तालुक्यात. धरण खोऱ्यातच बांधावे लागते, यात खालच्या शेतकऱ्याचा गुन्हा नाही. त्याच्याशी आमचे भांडण नाही. भांडण हिशेबाशी आहे. १९८४ साली दांडेकर समितीने सिंचनाचा अनुशेष मोजला तो जिल्हा हा घटक धरून. तेव्हा वाशीम अकोल्यात होते. माथ्यावरचे कोरडे गाव आणि धरणाखालचे भिजणारे गाव एकाच आकड्यात बसले. सरासरीने कागद भरतो, कणगी भरत नाही.

हाच घोळ आज महसूल मंडळात आहे. मंडळाच्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला, तर अतिवृष्टी. मापक एका गावात, ढग फुटतो डोंगरापलीकडच्या दुसऱ्या गावात. शेत खरडून गेले तरी कागदावर पाऊस साधाच!

पुसद आणि अचलपूरचे लोक जिल्हा मागतात. कामासाठी दिवस मोडून दूरच्या कचेरीत जावे लागते, तेव्हा ही मागणी रास्तच आहे. पण नव्या पाटीबरोबर पाणी येईल, अशा भ्रमात राहू नका. वाशीमला पाटी मिळाली, माथा कोरडाच आहे.

म्हणून आमची मागणी अशी: सिंचनाचा हिशेब पाणलोटवार मांडा. माथ्याच्या गावांना बांधबंदिस्ती, नाल्यावरचे बंधारे आणि शेततळी यांचा वाटा आधी द्या. पर्जन्यमापक गावोगाव बसवा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने चार गोष्टी लिहून आणाव्यात: आपला नाला कोणत्या नदीला मिळतो, माथ्यावर, मध्ये आणि खाली माती किती हात खोल आहे, गावात किती बंधारे धड आहेत आणि किती फुटके, मंडळाचा पर्जन्यमापक किती कोसांवर आहे. आजवर आपला नकाशा दुसऱ्यांनी काढला. आता तो आपण काढू, आणि तोच घेऊन कलेक्टर कचेरीत जाऊ.