पत्रिका नसलेला उमेदवार

खानदेशात जुळवणी कुणाला शिकवावी लागत नाही. परिचय मेळाव्याची पुस्तिका उघडून बघा. शिक्षण, उंची, नोकरी, पगार, मामाचं कूळ, शेती बागायत की कोरडवाहू, आणि शेवटी ‘अपेक्षा’ नावाचा रकाना. एका मुलीचं लग्न ठरवायला दहा गावांतून चौकशी होते, तिघांना फोन जातात, पत्रिकेतले छत्तीस गुण मोजले जातात. तीच माणसं पाच वर्षांसाठी शहराच्या चाव्या कुणाला तरी देताना एकच वाक्य बोलतात : ‘माणूस कामाचा आहे ना भो, मग झालं.’

या वाक्याशी माझं भांडण आहे. आणि ते मेहरूणमध्ये बसून मांडावंसं वाटतं, कारण इथल्या पंचविशीच्या पोरांनी यंदा पहिल्यांदाच नगरसेवकासाठी मत दिलं. जळगाव महापालिकेची आधीची निवडणूक ऑगस्ट 2018 मध्ये झाली होती. सप्टेंबर 2023 मध्ये मुदत संपली आणि प्रशासक बसला. पुढचं मतदान थेट 15 जानेवारी 2026 ला, राज्यातल्या 29 महापालिकांबरोबर. 2018 मध्ये ज्याचं वय सतरा होतं, त्याच्या आयुष्यातली मधली सगळी वर्षं नगरसेवक निवडण्याचा हक्क न वापरता गेली. एवढ्या वाटेनंतर हातात आलेलं मत कशाशी जुळवून द्यायचं, हा प्रश्न त्याने विचारला तर त्याला हसणं बरं नाही.

जगात काही ठिकाणी या प्रश्नाला रीतसर उत्तर आहे. नेदरलँड्समध्ये 1989 साली ‘स्टेमवायझर’ नावाची छापील पुस्तिका निघाली, पुढे ती इंटरनेटवर गेली. जर्मनीत सरकारी नागरिकशिक्षण संस्था 2002 पासून ‘वाल-ओ-माट’ चालवते. संसदेच्या निवडणुकीत साधारण 38 विधानं समोर येतात. तुम्ही सहमत, असहमत किंवा तटस्थ म्हणायचं, महत्त्वाच्या वाटणाऱ्या विधानांना दुप्पट वजन द्यायचं, आणि शेवटी कोणता पक्ष तुमच्या किती जवळ आहे ते कळतं. यातली खरी गंमत टक्क्यांत नाही. त्याच विधानांवर पक्षांनी स्वतः आधी लेखी उत्तरं दिलेली असतात, कारणांसह. स्वित्झर्लंडमध्ये 2003 पासून ‘स्मार्टव्होट’ आहे. तिथे तर एकेक उमेदवार स्वतः प्रश्नावली भरतो.

म्हणजे जुळवणीला दोन पत्रिका लागतात. मतदाराची एक, उमेदवाराची एक. आपल्याकडे मतदाराची तयार आहे. मेहरूणच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभं राहा, सगळी मतं ऐकायला मिळतील. उमेदवाराची पत्रिकाच नाही.

‘नाही कशी? शपथपत्र असतं की!’ असतं. आणि ते फुकट मिळालेलं नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या लढ्यातून 2 मे 2002 ला सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची माहिती हा मतदाराचा हक्क मानला. सरकारने कायदा करून तो आखडायचा प्रयत्न केला, तोही 13 मार्च 2003 च्या निकालाने हाणून पाडला. त्यामुळे आज उमेदवारावरचे गुन्हे, त्याची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आपण मोबाईलवर वाचू शकतो. विधानसभेच्या उमेदवाराला घरात सोनं किती वजनाचं आणि किती किमतीचं हेसुद्धा लिहावं लागतं. सोन्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावात हा रकाना लोक आवडीने वाचतात. पण त्या अख्ख्या शपथपत्रात ‘तुमचं मत काय?’ असा एकही रकाना नाही. उमेदवाराच्या बायकोचं मंगळसूत्र किती तोळ्यांचं हे आपल्याला कळतं, घरपट्टी वाढवावी की नाही याबद्दल त्याला काय वाटतं हे कळत नाही.

मग आपण ज्याची माहिती आहे त्यावर जुळवणी करतो. आडनाव, समाज, गाव, गल्ली, लग्नाला आला होता का, दहाव्याला आला होता का. ‘आपला माणूस’ ही आपली वाल-ओ-माट आहे. फक्त तिच्यात एकच विधान आहे, आणि त्याचं उत्तर जन्मतःच भरलेलं असतं. ‘आम्ही मतांबितांच्या भानगडीत पडत नाही, माणूस बघतो’ असं म्हणणारे लोकही जुळवणीच करत असतात. त्यांनी रकाना तेवढा दुसरा निवडलेला असतो.

पक्ष बघावा, असा दुसरा सल्ला मिळतो. पक्षाची विचारसरणी ठरलेली असते, चिन्ह बघा, मत जुळेल. हा सल्ला देणाऱ्याने गेल्या चाळीस वर्षांतलं जळगाव पाहिलेलं नसावं.

सुरेश जैन 1980 पासून 2014 पर्यंत जळगाव शहराचे आमदार होते. या काळात पक्ष बदलले, चिन्हं बदलली. ते शिवसेना-भाजप युतीच्या सरकारात मंत्री होते आणि काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारातही. एकनाथ खडसे 1990 पासून 2019 पर्यंत मुक्ताईनगरचे भाजप आमदार, ऑक्टोबर 2020 मध्ये राष्ट्रवादीत. त्यांच्या सून रक्षा खडसे 2014 पासून रावेरच्या भाजप खासदार, आज केंद्रात राज्यमंत्री. कन्या रोहिणी खडसे 2019 ला मुक्ताईनगरमधून भाजपच्या उमेदवार, 2024 ला त्याच मतदारसंघात शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या उमेदवार. उन्मेष पाटील 2019 ला भाजपचे खासदार झाले, 2024 ला तिकीट कापल्यावर उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेत गेले. यात कुणा एकावर बोट ठेवायचं नाही, आणि पक्ष बदलणं हा गुन्हाही नाही. पण या प्रत्येक वळणावर एक साधा प्रश्न विचारा : शेतीबद्दल, पाण्याबद्दल, आरक्षणाबद्दल, शहराच्या कर्जाबद्दल यांचं कोणतं मत बदललं म्हणून पक्ष बदलला? उत्तर सापडत नाही. मत आधी लिहून दिलेलंच नव्हतं, मग ते बदललं हे कळणार कसं?

महापालिकेचं उदाहरण तर हिशेबाचं आहे. 2018 ला 75 पैकी भाजपचे 57, शिवसेनेचे 15 आणि एमआयएमचे 3 नगरसेवक निवडून आले. 18 मार्च 2021 ला महापौर निवडणुकीत शिवसेनेच्या जयश्री महाजन यांना 45 मतं पडली, भाजपच्या उमेदवाराला 30. बेरीज कुणालाही करता येईल : 15 आणि 3 मिळून 18, उरलेली 27 कमळावर निवडून आलेल्यांची. मधल्या काळात महापालिकेची सार्वत्रिक निवडणूक झाली नव्हती. ज्याने 2018 ला विचारपूर्वक भाजप जुळवला त्याची सत्ता गेली, ज्याने विचारपूर्वक शिवसेना जुळवली त्याची आली, आणि एमआयएमला मत देणाऱ्याला आपलं मत शिवसेनेच्या महापौरासाठी वापरलं गेल्याचं मागाहून कळलं. पक्षांतरबंदीचा कायदा स्थानिक संस्थांनाही लागू आहे. कागदावर नगरसेवक पक्षादेशाला बांधलेला, प्रत्यक्षात मोकळा. मतदाराला मात्र दोन्हीकडून काही मिळत नाही.

आता सगळ्यात जुना आक्षेप. ‘महापालिकेत कसली मतं? गटार, नळ, दिवे. त्यात डावं-उजवं काय असतं?’

गटारीत मत नसतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी घरकुल प्रकरण आठवावं. नगरपालिका असताना घरं बांधायचं ठरलं, कर्ज काढलं, ठेका दिला. 31 ऑगस्ट 2019 ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवलं, त्यात माजी मंत्री होते आणि नगरसेवकही. अपिलं उच्च न्यायालयात गेली, न्यायाचं काम न्यायालय करेल. पण ठेका कुणाला द्यायचा, आगाऊ रक्कम द्यायची का, कर्ज किती काढायचं, यावर सभागृहात कुणीतरी हात वर केला होता. हुडकोच्या कर्जाचं ओझं या शहराने पुढे वर्षानुवर्षं वाहिलं. वर झालेला तो हात हेच मत होतं. तो हात वर करणाऱ्याला निवडणुकीआधी ‘शहराने कर्ज काढून बांधकाम करावं का’ असं कुणी विचारलं होतं?

किंवा महापालिकेच्या व्यापारी संकुलांतले गाळे घ्या. बहुतेक गाळ्यांची मुदत 2012 मध्ये संपली. जुन्या गाळेधारकांना वाढीव भाड्याने मुदतवाढ द्यायची की लिलाव करायचा? एका बाजूला वर्षानुवर्षं धंदा करणारी कुटुंबं, दुसऱ्या बाजूला शहराचं उत्पन्न. दोन्ही बाजूंना प्रामाणिक कारणं आहेत. पण जो उमेदवार गाळेधारकांच्या बैठकीत ‘तुमच्या पाठीशी आहे’ म्हणतो आणि मेहरूणच्या कोपरा सभेत ‘महापालिकेचं उत्पन्न वाढवू’ म्हणतो, त्याचं मत काय? ते लिहून घेतलं नाही तर ती दोन्ही वाक्यं पाच वर्षं सुखाने एकत्र नांदतात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. अॅपची वाट बघू नका. आपल्या मतांशी जुळणारा उमेदवार शोधण्याआधी उमेदवाराला मत असायला भाग पाडा.

दहा विधानं पुरेत. तलावाभोवतीच्या मोकळ्या जमिनीवर नवं बांधकाम होऊ नये. मेहरूण तलावात गणपती विसर्जन बंद करून कृत्रिम हौद करावेत. वाघूरचं पाणी सगळ्या प्रभागांना सारख्या दिवसांआड मिळावं, भले आज ज्यांना जास्त मिळतं त्यांचं कमी होवो. मुदत संपलेल्या गाळ्यांचा लिलाव व्हावा. रस्ता केल्यावर तीन वर्षं तो कुणीही खोदू नये आणि खोदला तर ठेकेदाराचं बिल अडवावं. निवडून आल्यावर पक्ष बदलावासा वाटला तर आधी राजीनामा द्यावा. उरलेली चार तुमची. प्रत्येकासमोर सहमत किंवा असहमत, खाली दोन ओळी कारण, खाली सही. बहुतेक प्रभागांत एका मतदाराला चार मतं द्यायची असतात, म्हणजे प्रत्येक पक्षाचे चार-चार कागद. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकायला पाच मिनिटं लागतात. जो भरणार नाही त्याच्या नावापुढे ‘उत्तर दिलं नाही’ एवढंच लिहा. तेही उत्तरच आहे.

‘निवडून आल्यावर वेगळं वागला तर?’ वागेल. पक्षादेश आला म्हणून वागेल, ठाण्याहून फोन आला म्हणून वागेल. कागद त्याला थांबवू शकत नाही. पण कागद नसताना तुम्ही जाब विचारायला गेलात तर तो म्हणतो, ‘मी असं कधी म्हणालो?’ कागद असला तर त्याला सांगावं लागतं की मत का बदललं, कुणाच्या सांगण्यावरून बदललं. ही दुसरी चर्चा आपल्या शहरात जवळपास होतच नाही. ती सुरू करण्यासाठी हा सगळा खटाटोप.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. विधानं कोण लिहितो यावर निकाल फिरतो. ‘तलाव सुशोभित व्हावा’ या विधानावर कुणीही असहमत होणार नाही, म्हणून ते विधान बिनकामाचं. ज्यावर हो म्हटल्याने कुणीतरी नाराज होईल, तेच विधान कामाचं. जर्मनीत ती विधानं तयार करताना तरुण मतदारांना सोबत बसवतात. इथे ती एखाद्या पक्षाच्या आयटी सेलने लिहून दिली तर दहाही उत्तरं त्याच पक्षाला जुळतील. आणि दुसरं, निवडणुकीच्या दिवसांत ‘तुमचा आवडता नेता कोण? ओळखा!’ अशी लिंक आली आणि शेवटी मोबाईल नंबर, प्रभाग किंवा जात विचारली, तर ती बंद करा. मत जुळवायला तुमचा नंबर लागत नाही. तुमची यादी करायला लागतो.

निवडणूक होऊन गेली, मग आता कशाला, असं कुणी म्हणेल. उलट आत्ताच बरं. प्रचारात उमेदवार सगळ्याला हो म्हणतो. निवडून आलेल्या नगरसेवकाकडे सही मागणं जास्त अवघड आहे आणि जास्त उपयोगाचंही, कारण आता त्याचा हात सभागृहात खरोखर वर होणार आहे. तुमच्या प्रभागाचे निवडून आलेले नगरसेवक तुम्हाला माहीत आहेत, त्यांचे नंबर पत्रकांवर छापलेले आहेत. पुढच्या महासभेआधी दहा विधानांचा कागद त्यांच्या हातात पडू द्या. त्यांनी सही केली नाही तर पुढच्या खेपेला, कामाचा माणूस म्हणून ते दारात येतील तेव्हा, तो कोरा कागद त्यांना दाखवता येईल.