माळ थांबते तेव्हा

नित्य सामायिक करणारे, रात्रिभोजनाचा त्याग कसोशीने पाळणारे, पेढीचा हिशेब पैशापर्यंत चोख ठेवणारे साठीचे गृहस्थ काही महिन्यांत हळूहळू अबोल होतात. माळ हातात तशीच थांबते, खातेवही उघडली जात नाही. घरात कोणी म्हणते 'वैराग्य आले', कोणी म्हणते 'श्रद्धा उडाली'. दोन्ही निदाने चुकीची असू शकतात.

मेनिन्जिओमा ही मेंदूच्या आवरणातून उद्भवणारी गाठ बहुधा कर्करोगाची नसते व सावकाश वाढते. कपाळामागील भागावर तिचा दाब पडला की उत्साह व निर्णयशक्ती मंदावते आणि चित्र नैराश्याचे किंवा वार्धक्याचे दिसते. कानशिलालगतच्या भागातील गाठीमुळे अपस्माराचे सूक्ष्म झटके येतात. त्या क्षणांत अकारण भय, नसलेला वास, क्वचित अपूर्व आनंदही अनुभवास येतो आणि रुग्ण त्यालाच साक्षात्कार समजू शकतो.

इटलीतील कोसिमो उर्जेसी व सहकाऱ्यांनी मेंदूत गाठ असलेल्या ८८ रुग्णांचा शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंदूच्या मागील भागावर शस्त्रक्रिया झालेल्यांत 'मी'पणाच्या सीमा ओलांडून विश्वाशी एकरूप होण्याची भावना वाढलेली आढळली. पुढील भागाच्या रुग्णांत तशी वाढ दिसली नाही.

मग धर्मानुभव हा केवळ मेंदूचा खेळ ठरतो काय? जैन दर्शनाने द्रव्यमन पौद्गलिक मानले आहे; पुद्गलात विकार होणे नवल नव्हे. तराजूचा काटा अडकला म्हणून सोन्याचे वजन बदलत नाही. काटा मात्र दुरुस्त करावा लागतो.

अशा गाठी विरळा असतात, हे खरे. तरीही स्वभावात अकस्मात पालट, सकाळची तीव्र डोकेदुखी व उलटी, अधू होणारी दृष्टी किंवा उतारवयात प्रथमच आलेली फीट दिसल्यास मेंदूविकारतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे. निदान होईपर्यंत दीर्घ तपश्चर्या, दीक्षेचा निश्चय वा संपत्तीची वाटणी यांची घाई नसावी. फीटचे औषध चालू असल्यास पर्युषणातील उपवासासाठीही ते परस्पर बंद करू नये. आधी डॉक्टरांना विचारावे, मग गुरुमहाराजांकडून पच्चक्खाण घ्यावे.

वैयावृत्त्य हे आभ्यंतर तप आहे. रुग्णाच्या मौनाला दोष न देता त्याचे कारण शोधणे, ही त्या सेवेची पहिली पायरी होय.