फ्यूजनचे पोलाद आणि आमचा भंगार बाजार

हलके अणू एकमेकांत मिळून सूर्यात जी ऊर्जा निघते, तशी यंत्रात काढायची, या फ्यूजनच्या बातम्या छापून आल्या की बाजारात दोन दिवस चर्चा होते. स्वस्त वीज कधी येणार, एवढाच तिचा विषय असतो. आम्हाला वाटते, लोखंडाच्या धंद्यातल्या माणसाने विजेपेक्षा त्या यंत्राच्या भिंतीकडे बघावे. घोडे पेंड खाते ते बरेचसे तिथेच, आणि ही गोष्ट कळायला आमच्या भंगारवाल्या, लेथवाल्या, वेल्डर बांधवांना कुठल्या पदवीची गरज नाही.

नुसती उष्णता सोसणारे पोलाद आपल्याकडे नवे नाही. मोठ्या वीजकेंद्रांत वाफेच्या पाइपांना ग्रेड ९१, म्हणजे कारखान्यातले पी-९१, वापरतात. त्यात नऊ टक्के क्रोमियम, सुमारे एक टक्का मॉलिब्डेनम आणि चिमूटभर व्हॅनेडियम व निओबियम. फ्यूजनमध्ये उष्णतेच्या जोडीला न्यूट्रॉनचा मारा असतो. तो पोलादातले अणू जागचे हलवतो, आत हेलियमचे बारीक बुडबुडे धरतात, धातू कडक होऊन ठिसूळ पडतो. शिवाय पोलाद स्वतःच किरणोत्सारी होते. निओबियमपासून होणारा एक किरणोत्सारी प्रकार तर निम्मा व्हायलाच सुमारे वीस हजार वर्षे घेतो. म्हणून मॉलिब्डेनमच्या जागी टंगस्टन आणि निओबियमच्या जागी टँटलम घालून नवी जात काढली गेली. युरोपचे युरोफर-९७, जपानचे एफ-८२-एच ही त्यातली नावे. कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि हैदराबादची मिधानी यांनी मिळून आपलेही पोलाद सिद्ध केले आहे. त्यात नऊ टक्के क्रोमियम, १.४ टक्के टंगस्टन, ०.०६ टक्के टँटलम आहे. ही पोलादे साधारण ५५० अंश सेल्सियसपर्यंत काम देतात, पुढची मजल ६५० अंशांची आहे.

आता भंगाराचा हिशेब पाहा. युरोफरमध्ये मॉलिब्डेनम ०.००५ टक्क्यांच्या आत लागते, म्हणजे टनाला ५० ग्रॅम. ३१६ स्टेनलेसमध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते. एका टनाच्या चार्जमध्ये ३१६चा अडीच किलोचा एक व्हॉल्व्ह चुकून गेला की सगळा माल बाद! निकेलची मर्यादा टनाला १०० ग्रॅम, तेवढे तर ३०४च्या सव्वा किलोतच भरते. एकदा वितळल्यावर निकेल, तांबे, मॉलिब्डेनम ऑक्सिजन फुंकून निघत नाहीत. ३०४ आणि ३१६ चुंबकाला सहसा धरत नाहीत, म्हणून ओळखता येतात. पी-९१ मात्र साध्या लोखंडासारखे चुंबकाला चिकटते आणि ढिगात बेमालूम मिसळून जाते. हातातल्या एक्स-रे गनशिवाय तिथे इलाज नाही.

२०२५ साली ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाच्या न्यूरोन या प्रकल्पातून एक बातमी आली. मिडल्सबरोच्या सात टनी विद्युत भट्टीतून या जातीचे साडेपाच टन पोलाद ओतले गेले. निर्वात भट्टीत थोडाथोडा माल काढण्यापेक्षा यात खर्च दहापटीपर्यंत उतरेल, असा त्या मंडळींचा दावा आहे. दावा पुरता खरा ठरेल की नाही ते पुढे दिसेल. पण विद्युत भट्टी आपल्याकडे परकी नाही. भट्टीला स्वच्छ माल कोण पुरवणार, हा खरा प्रश्न आहे, आणि वेचणे-निवडणे हे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हाताखालून गेले त्यांना तो कोणी विचारतही नाही, याचे आम्हाला वाईट वाटते. अर्थात दोष आपलाही आहे. सगळे एका काट्यावर घालून ‘लोखंड’ म्हणून विकायची सवय आपणच जपली आहे.

वेल्डिंगचेही तसेच. या नव्या पोलादाची प्रकृती पी-९१सारखीच आहे. आधी दोनशे अंशांच्या आसपास तापवा, सांधा झाल्यावर शंभराच्या खाली येऊ द्या, मग साडेसातशेच्या पुढे नेऊन ठरलेला वेळ धरून ठेवा. घाई करून मधली पायरी गाळली की सांधा वरून चकचकीत दिसतो आणि वर्षा-दोन वर्षांत शेजारच्या पट्ट्यात तडा जातो. आमची मुले ग्रिल आणि गेट उत्तम करतात, पण रोजंदारीवरच अडकतात. त्यांनी बॉयलर नियमांखालची वेल्डरची परीक्षा द्यावी, पी-९१ शिकावे. त्याला आजच वीजकेंद्रांत काम आहे.

फ्यूजनची वाट बघत बसा, असे आम्ही म्हणत नाही. फ्रान्समधल्या ‘इटर’चे वेळापत्रक २०२४ साली पुन्हा बदलले. आता संशोधनाचा आरंभ २०३४ला आणि खऱ्या इंधनावरचे काम २०३९ला, असे ठरले आहे. तेव्हा फ्यूजनच्या नावाने कोणी जादा भावाचा माल गळ्यात मारू लागला तर हात जोडावेत. एक्स-रे गन एकट्या दुकानदाराला झेपत नाही, पण एका गल्लीतल्या आठ-दहा जणांनी वर्गणी काढली तर जमते. ती येईपर्यंत वीजकेंद्राच्या पाइपांचे तुकडे आणि त्यांचा लेथवरचा बुरादा निदान वेगळ्या पिंपात टाकावा आणि पिंपावर खडूने ‘९१’ लिहून ठेवावे.