दुसऱ्या अल्बमची परीक्षा

भोरच्या बाजारपेठेतील किंवा तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या वेल्ह्यातील शाळकरी मुलीला परदेशी गायिकांच्या गटाचे नवे गाणे ऐकण्यासाठी आता पुण्याची एसटी पकडावी लागत नाही. सेऊल वा लॉस एंजेलिसमध्ये ते प्रसिद्ध होताच तिच्या मोबाईलवर पोचते. मात्र गाणे ऐकणे आणि अशा गटात गायला मिळणे, यांतील अंतर अद्याप कायम आहे. दक्षिण कोरियातील ‘हाइब’ या संगीत कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईत भारतीय शाखा सुरू केल्याने ते कमी होईल, अशी आशा अनेकांना वाटते. मुला-मुलींची पारख करून, त्यांना प्रशिक्षण देऊन गट घडविणे हाच या कंपनीचा व्यवसाय. त्यामुळे भारतात असा प्रयोग पूर्वी झाला तेव्हा त्याचे काय झाले, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

‘चॅनल व्ही’ या संगीतवाहिनीने २००२ मध्ये ‘पॉपस्टार्स’ ही स्पर्धा घेतली. मूळ न्यूझीलंडमध्ये १९९९ साली जन्मलेल्या या कार्यक्रमाची ती भारतीय आवृत्ती होती. त्यातून सीमा रामचंदानी, प्रतीची महापात्रा, नेहा भसीन, महुआ कामत आणि अनुष्का मनचंदा या पाच तरुणींचा ‘व्हिवा’ हा गट उभा राहिला. त्याच वर्षी आलेल्या पहिल्या अल्बमने त्यांना घरोघरी पोचविले. दुसरा अल्बम, ‘व्हिवा रिलोडेड’, २००३ मध्ये आला. तोवर महुआ कामत बाहेर पडल्या होत्या आणि उरल्या होत्या चौघी. पहिल्या अल्बमच्या वेळचे कुतूहल दुसऱ्याच्या वाट्याला आले नाही. पुढे काही वर्षांतच गट विसर्जित झाला.

वाहिनीचा पहिला, गाण्यांचा दुसरा

या घसरणीचे खापर केवळ गायिकांवर फोडणे अन्यायाचे होईल. अशा गटांचा पहिला अल्बम बाजारात येतो तेव्हा प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे त्या मुलींची धडपड, अश्रू आणि निवड दूरचित्रवाणीवर पाहिलेली असते. ग्राहक गाण्यांइतकीच ती कहाणीही विकत घेतो. दुसऱ्या अल्बमच्या वेळी कहाणी संपलेली असते आणि गाण्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. त्यातच वाहिनीचे लक्ष नव्या हंगामाकडे वळते. ‘व्हिवा’बाबत हेच घडले. २००३ मध्ये याच स्पर्धेतून ‘आस्मा’ हा नवा गट निघाला आणि प्रसिद्धीचा झोत तिकडे गेला.

ब्रिटनमधील उदाहरण तर अधिकच बोलके आहे. तेथील ‘पॉपस्टार्स’मधून २००१ मध्ये तयार झालेल्या ‘हिअरसे’ या तरुण-तरुणींच्या गटाचा पहिला अल्बम विक्रीच्या यादीत अव्वल ठरला. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेला दुसरा अल्बम चोविसाव्या क्रमांकापुढे सरकला नाही आणि ऑक्टोबर २००२ मध्ये गट फुटला. तथापि, दूरचित्रवाणीवर जन्मलेला प्रत्येक गट अल्पायुषीच असतो, असे नाही. पुढच्याच हंगामातून आलेल्या ‘गर्ल्स अलाउड’ या मुलींच्या गटाचा दुसरा अल्बम २००४ मध्ये आला. तो संपूर्णपणे ‘झेनोमेनिया’ या एकाच निर्मितीचमूकडे सोपविलेला होता. त्यातून गटाला स्वतःचा असा सूर गवसला आणि तो पुढे अनेक वर्षे टिकला. दुसऱ्या अल्बमसाठी घाई झाली की सवड मिळाली, हा फरक येथे निर्णायक ठरलेला दिसतो.

‘हाइब’चा अमेरिकेतील गट ‘कॅट्सआय’ यालाही या परीक्षेतून जावे लागले. स्पर्धेतून निवडलेल्या सहा तरुणींच्या या गटात भारतीय वंशाची लारा राज आहे. पहिल्या छोटेखानी अल्बमनंतर, २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेल्या ‘नार्ली’ या गाण्याने श्रोत्यांत सरळ दोन तट पाडले. कोणाला ते धाडसी वाटले, तर कोणाला कर्कश. जूनमध्ये हेच गाणे असलेला दुसरा छोटेखानी अल्बम आला आणि तो अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत थेट चौथ्या क्रमांकावर दाखल झाला. त्यातीलच ‘गॅब्रिएला’ला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. संमिश्र प्रतिसाद म्हणजे अपयश नव्हे, हे यातून दिसते. श्रोते भांडतात, याचा अर्थ ते ऐकत असतात. ‘रिलोडेड’च्या नशिबी तेवढे भांडणही आले नाही.

गट विरतो, आवाज उरतो

भारतात या गणितात आणखी एक घटक असतो, तो म्हणजे चित्रपटसंगीत. २००२-०३ च्या सुमारास जुन्या चित्रपटगीतांच्या रिमिक्सची लाट आली आणि चित्रपटाबाहेरच्या नव्या गाण्याची जागा आणखी आकसली. परिणामी गटांतील गुणवंत आवाज अखेर चित्रपटांकडेच वळले. नेहा भसीन यांना ‘सुलतान’मधील गीतासाठी २०१७ मध्ये फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘आस्मा’तील नीती मोहन या आघाडीच्या पार्श्वगायिका झाल्या. अनुष्का मनचंदा यांनी पार्श्वगायनानंतर स्वतंत्र संगीतनिर्मितीची वाट धरली. ज्यांना गटाबाहेर स्वतःच्या नावाने उभे राहता आले, त्या टिकल्या.

येथे भोर-वेल्ह्याच्या परिसरातील एक वेगळे उदाहरण आठवते. बायकांनी एकत्र गाणे या डोंगरपट्ट्याला नवे नाही. वेल्ह्याला लागून असलेल्या मुळशीसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या प्रसिद्ध होत असून, ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव दिले जाते. जात्यावरच्या गाण्याला बाजारभाव नव्हता. पण ओवी कोणाची, हा प्रश्न तेथे अनुत्तरित राहिलेला नाही.

कंपनीने घडविलेल्या गटांत बहुधा याच्या उलट असते. गटाचे नाव, गाणी आणि ध्वनिमुद्रणे यांचे हक्क सामान्यतः कंपनीकडे राहतात आणि मुलगी बाहेर पडली, की ते सारे मागे सोडून येते. मुंबईतील नव्या चाचण्यांसाठी उद्या भोर किंवा वेल्हे तालुक्यातून (२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ज्याच्या ‘राजगड’ या नामांतरास मान्यता दिली) एखादी मुलगी निघाली, तर तिला अडविण्याचे कारण नाही. तिच्या आई-वडिलांनी मात्र करारावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. बंधन किती वर्षांचे? शिक्षणाचे काय? स्वतःच्या नावाने गाण्याची मुभा कधी मिळणार? आणि दुसरा अल्बम चालला नाही, तर तिच्या हाती काय उरेल? पहिल्या अल्बमच्या जल्लोषात हे प्रश्न कोणी विचारत नाही. ‘व्हिवा’चा अनुभव सांगतो, की ते तेव्हाच विचारायला हवेत.